पाठ झालेला प्रकाश

हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरला, तर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किती, हा प्रश्न लातूरच्या एखाद्या शिकवणीवर्गातील विद्यार्थ्याला विचारावा. कागद-पेन्सिल हाती न घेता तो ६५६ नॅनोमीटर हा आकडा सांगेल, आणि असा प्रश्न घालताना परीक्षक कोणता सापळा लावतो हेही सांगेल. हा प्रकाश कोणत्या रंगाचा, असे विचारले तर क्षणभर थांबून ‘तांबडा’ असे उत्तर येईल. तो कधी डोळ्यांनी पाहिला आहे काय, या तिसऱ्या प्रश्नाला मात्र बहुतेकांकडे उत्तर नसते. नांदेडला विचारले तरी निराळे काही ऐकू येण्याचा संभव थोडा. ज्या ज्ञानाचा उगमच पाहण्यात आहे, ते ज्ञान न पाहता संपादन करण्याची कला या दोन शहरांनी पूर्णत्वास नेली आहे, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

याचा दोष लातूरच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. १९४८ पूर्वी मराठवाड्यातील मुलाला पदवीपर्यंत शिकायचे तर बहुधा हैदराबादची वाट धरावी लागे, आणि उस्मानिया विद्यापीठात पदार्थविज्ञानही उर्दूतून शिकवले जाई. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० साली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. इतक्या उशिरा शर्यतीत उतरलेल्या प्रदेशाने बारावीच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीने नावे झळकवली, ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर रूढ केला आणि शेतकऱ्यांची, शिक्षकांची, कारकुनांची मुले वैद्यकीय महाविद्यालयांत पोचवली, ही लहान गोष्ट नाही. ज्यांना घरी इंग्रजी पुस्तक मिळाले नाही त्यांना परीक्षेने दार उघडून दिले. त्या दाराची निंदा करण्याचा अधिकार ज्यांची दारे पूर्वीपासून उघडीच होती त्यांना नाही.

तथापि दाराने आपला आकार आत येणाऱ्याला दिला, हेही खरे. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत पदार्थविज्ञानाचे पंचेचाळीस प्रश्न असतात आणि प्रात्यक्षिक एकही नसते. बारावीच्या मंडळ-परीक्षेत प्रात्यक्षिकाला तीस गुण आहेत खरे. परंतु ज्या गुणांवर पुढे काही अवलंबून नाही, त्यांच्यासाठी अंधाऱ्या खोलीत वर्णपटमापकाशी तासभर झगडायला कोण बसणार? जर्नले एकमेकांवरून उतरवली जातात, आणि उपकरणे कपाटात सुरक्षित राहतात. या व्यवहारात विद्यार्थ्याचे नेमके काय हरवते, हे समजण्यासाठी मूळ विषयाकडे वळले पाहिजे.

स्वयंपाकघरातून आरंभ करण्यास हरकत नाही. गॅसच्या निळ्या ज्योतीवर ठेवलेले वरण उतू गेले की ज्योत एकदम भडक पिवळी होते. चुलीतल्या लाकडाचा जाळही पिवळा असतो, पण ते पिवळेपण वेगळ्या जातीचे. तिथे तापलेले काजळीचे कण प्रकाशत असतात आणि त्यांच्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग एकमेकांत मिसळलेले असतात. वरणातल्या मिठामुळे येणारा पिवळा रंग लोलकातून पाहिला, तर तो पसरत नाही. पिवळ्या जागी एक बारीक तेजस्वी रेषा दिसते. उपकरण चांगले असेल तर तीच रेषा एकमेकींना खेटून असलेल्या दोन रेषांची जोडी ठरते, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. मीठ सांबराचे असो की समुद्राचे, चूल नांदेडची असो की जर्मनीतली, हे आकडे बदलत नाहीत. ते सोडिअमच्या अणूचे आहेत. १८६० च्या सुमारास किर्चॉफ आणि बुन्सेन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी हे पक्के केले की प्रत्येक मूलद्रव्याच्या तप्त वायूला स्वतःच्या अशा रेषा असतात, आणि सूर्याच्या वर्णपटात ज्या काळ्या रेषा दिसतात त्यांतल्या काही याच ठिकाणी पडतात. सूर्यावर सोडिअम आहे, हे पृथ्वीवर बसून कळले.

रेषा आहेत हे कळले. त्या तिथेच का, हे कोणाला सांगता येईना. पहिला धागा हाती लागला तो एका शाळामास्तराला. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या योहान बामरने वयाच्या साठाव्या वर्षी, १८८५ साली, हायड्रोजनच्या चार दृश्य रेषांचे आकडे घेऊन त्यांत काही नाते आहे काय हे पाहिले. ३६४.५६ ही एकच संख्या घ्यावी. तिला नऊ-पंचमांशाने गुणले की ६५६.२, चार-तृतीयांशाने गुणले की ४८६.१, पंचवीस-एकविसांशाने गुणले की ४३४.०, नऊ-अष्टमांशाने गुणले की ४१०.१. चारही रेषा अचूक हाती येतात. या अपूर्णांकांच्या पोटात ३, ४, ५, ६ यांचे वर्ग दडलेले आहेत, एवढे बामरने ओळखले. निसर्ग पूर्णांकांत का बोलतो, याचा उलगडा त्याला झाला नाही, आणि त्याने तसा दावाही केला नाही. शिक्षकांच्या खोलीत ज्यांच्या तसबिरी लावतात त्यांत हा शाळामास्तर कोठे दिसत नाही, याचे नवल वाटते.

बामरच्या पूर्णांकांचा अर्थ मराठवाड्यातल्या माणसाला समजावून द्यायचा, तर बारवेइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. बारवेत उतरणारा माणूस पहिल्या पायरीवर उभा राहू शकतो, दुसऱ्या पायरीवर उभा राहू शकतो. दोहोंच्या मधल्या हवेत त्याला उभे राहता येत नाही. अणूच्या केंद्राशी बांधलेल्या इलेक्ट्रॉनची स्थिती अशीच आहे. त्याला ठरावीक ऊर्जेच्याच पातळ्यांवर राहता येते. फरक असा की अणूची बारव कोणा गवंड्याने समान पायऱ्यांची बांधलेली नाही. हायड्रोजनमध्ये तळापासून काठापर्यंतची खोली १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तळाची एकच पायरी त्यातील १०.२ इतकी उंच, तिच्यावरची १.८९, त्यावरची ०.६६, पुढची ०.३१. वर जावे तसतशा पायऱ्या इतक्या जवळ येतात की काठापाशी त्या वेगळ्या मोजताही येत नाहीत. उष्णतेने, विजेच्या प्रवाहाने किंवा दुसऱ्या अणूच्या धडकेने इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर फेकला जातो. तो तिथे टिकत नाही. खाली उतरताना दोन पायऱ्यांमधील ऊर्जेचा फरक प्रकाशाच्या एका कणाच्या रूपाने बाहेर टाकतो. ऊर्जेचा फरक ठरलेला, म्हणून रंग ठरलेला. दुसऱ्या पायरीवर येऊन थांबणाऱ्या उड्यांतून बामरच्या दृश्य रेषा निघतात. थेट तळाशी जाणाऱ्या उड्यांचा प्रकाश जंबुपार असतो आणि तिसरीवर थांबणाऱ्यांचा अवरक्त. म्हणून ते दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत.

यात ३६४.५६ या संख्येचेही स्थान कळते. काठावरून सरळ दुसऱ्या पायरीवर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या प्रकाशाची ती तरंगलांबी आहे. मग एक प्रश्न उरतो. बारवेच्या बाहेरून, मोकळ्या रानातून धावत येऊन जो इलेक्ट्रॉन आत पडेल त्याचे काय? बाहेर पायऱ्या नाहीत, तिथे कोणतीही ऊर्जा चालते. तेव्हा अशा इलेक्ट्रॉनांचा प्रकाश रेषांत न येता ३६४.६ नॅनोमीटरच्या पलीकडे सलग पट्ट्याने यावयास हवा. हा पट्टा सूर्याच्या प्रकाशात प्रथम टिपला गेला तो महाराष्ट्राच्या भूमीवर, आणि तोही पायऱ्यांची कल्पना कोणाच्या स्वप्नातही नसताना.

२२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येस निघाली. वाटेत सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आणि पुढे वऱ्हाडातील तळणी येथे देशोदेशींच्या निरीक्षकांनी तंबू ठोकले होते. जेऊर आणि तळणी ही दोन ठिकाणे नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा आजच्या बीड, परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांवरून जाते. म्हणजे मराठवाड्याच्या शिवारातूनही त्या दिवशी भरदुपारी काही क्षणांची रात्र धावत गेली. खगोलशास्त्राच्या नोंदींत मात्र नावे राहिली ती रेल्वे जिथपर्यंत पोचली होती अशा या स्टेशनांची, आणि जिथे बोटीने उतरता येत होते त्या विजयदुर्गाची.

विजयदुर्गासंबंधी येथे थोडे थांबणे इष्ट आहे, कारण कोकणात आणि वर्तमानपत्रांतही एक चुकीची कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ साली विजयदुर्गावरून ग्रहण पाहून हेलिअमचा शोध लावला, अशी ती कथा. १८६८ च्या १८ ऑगस्टचे ग्रहण भारतात दिसले हे खरे. फ्रान्सचा जान्सेन तेव्हा गुंटूरला होता. लॉकियरने सोडिअमच्या जोडीशेजारची, पण तिच्याशी न जुळणारी पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली, आणि ती पृथ्वीवर न आढळलेल्या मूलद्रव्याची असावी असे पुढे म्हटले. हेलिअम पृथ्वीवर सापडले १८९५ साली. लॉकियर विजयदुर्गावर आला तो १८९८ च्या ग्रहणाला. तीस वर्षांची ही गल्लत आहे. किल्ल्याचे महत्त्व तिच्यामुळे वाढतही नाही आणि दुरुस्तीने घटणारही नाही.

ग्रहणात पाहायचे ते काय होते? चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकण्याच्या क्षणी, एक-दोन सेकंदच, सूर्याच्या काठावरील तप्त वायूचा पातळ थर एकटा उघडा राहतो. इतर वेळी सूर्याच्या झगझगीत पार्श्वभूमीवर ज्या रेषा काळ्या दिसतात, त्या या क्षणी तेजस्वी होऊन चमकतात. जे अणू एरवी प्रकाश गिळताना दिसतात तेच तो परत देताना दिसतात. तळणीला जॉन एव्हरशेडने या चमकेची छायाचित्रे जंबुपार भागापर्यंत घेतली. त्यांत हायड्रोजनच्या रेषा जवळ जवळ येत बामरच्या संख्येपाशी संपल्या होत्या, आणि तिच्या पलीकडे मंद, सलग प्रकाश पसरला होता. हीच ती रानातून बारवेत पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची खूण. त्या वेळी ‘इलेक्ट्रॉन’ हा कण आहे ही वार्ता जेमतेम नऊ महिन्यांची होती, जे. जे. थॉमसनने ती १८९७ च्या एप्रिलात लंडनला सांगितली होती. बामर या ग्रहणानंतर दोन महिन्यांच्या आत, मार्च १८९८ मध्ये, वारला. आपल्या संख्येला वऱ्हाडातील एका लहानशा स्टेशनावर साक्ष मिळाली हे त्याला कळले असण्याचा संभव जवळजवळ नाही.

जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्यांनी १८८८ साली पुण्यात वेधशाळा उभी केली होती आणि तिच्यात वीस इंची आरशाची, त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी असलेली दुर्बीण बसवली होती. सूर्य-ताऱ्यांचा प्रकाश फोडून पाहणे हेच या वेधशाळेचे काम. नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ साली वेधशाळा बंद होऊन उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. तिथे तेव्हा संचालक होता तोच तळणीचा एव्हरशेड. दुर्बीण योग्य हाती पडली यात शंका नाही. पण एक माणूस निवृत्त होताच महाराष्ट्रातील ही परंपरा उचलून दुसरीकडे नेता येते, यावरून ती किती उथळ जमिनीत लावली होती ते दिसते. विद्यार्थ्यांची पिढी तिच्याभोवती उभी राहिली नव्हती.

पायऱ्यांची कल्पना आली १९१३ साली. डेन्मार्कचा नील्स बोर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. अणूच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉन फिरतात हे मान्य करावे, तर जुन्या नियमांप्रमाणे फिरणारा इलेक्ट्रॉन सतत प्रकाश टाकत ऊर्जा गमावणार आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही शतांशात केंद्रावर कोसळणार. मग दगड, पाणी, माणूस काहीच टिकायला नको. बोरने धाडस करून सांगितले की ठरावीक कक्षांत असताना इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतच नाही. टाकतो तो एका कक्षेतून दुसरीत जाताना. या विचारात असताना एका सहकाऱ्याने त्याला बामरच्या सूत्राची आठवण करून दिली, आणि ते पाहताच आपल्याला सारे स्पष्ट झाले असे तो पुढे सांगत असे. शाळामास्तराचे सूत्र अठ्ठावीस वर्षे अर्थाची वाट पाहत थांबले होते.

पाठ्यपुस्तके येथे थांबतात, आणि येथेच विद्यार्थ्याच्या मनात एक चुकीचे चित्र कायमचे बसते. सूर्याभोवती ग्रह तसे केंद्राभोवती इलेक्ट्रॉन, हे चित्र १९२५-२६ पासून टिकलेले नाही. हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांच्यानंतर इलेक्ट्रॉनची कक्षा हा शब्द सवयीने वापरला जातो इतकेच. बांधलेला इलेक्ट्रॉन हा केंद्राभोवती स्थिरावलेल्या तरंगासारखा वागतो, आणि तंबोऱ्याची ताणलेली तार जशी ठरावीक स्वरच देऊ शकते तशा त्या तरंगाच्या ठरावीक अवस्थाच संभवतात. पूर्णांक आले ते येथून. ‘उडी’ हा शब्दही जपूनच वापरायचा. वरच्या अवस्थेत गेलेला सोडिअमचा अणू तिथे सरासरीने सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या सोळापट इतका वेळ राहतो. परंतु अमुक एक अणू कोणत्या क्षणी प्रकाश देईल हे कोणत्याही गणिताने सांगता येत नाही. असंख्य अणूंचा हिशेब बिनचूक मांडता येतो, एका अणूचा मांडता येत नाही. परीक्षेच्या चार पर्यायांत ही गोष्ट बसत नाही, म्हणून ती शिकवली जात नाही. आणि विसाव्या शतकातील विज्ञानाने माणसाच्या विचाराला दिलेला सर्वांत मोठा धक्का तर हाच आहे.

आता रस्त्यावर यावे. गेली काही दशके गंजगोलाईच्या आसपास काय, नांदेडच्या वजिराबादेत काय, रात्रीचा रंग केशरी-पिवळा होता, तो सोडिअमच्या पथदिव्यांचा. अणूचा प्रकाश एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि एवढ्या फुकट कधीच दाखवला गेला नसेल. २०१५ पासून देशभर सरकारी योजनेने एलईडीचे पांढरे दिवे लावले जाऊ लागले. वीज वाचते, तेव्हा त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. एलईडीतही प्रकाश देतो तो इलेक्ट्रॉनच. तिथे मात्र अणू एकटा नसतो. स्फटिकात अब्जावधी अणू इतके खेटून असतात की त्यांच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून रुंद ओटे तयार होतात. वरच्या ओट्यावरचा इलेक्ट्रॉन खालच्या ओट्यावरील रिकाम्या जागेत पडतो आणि निळा प्रकाश निघतो. हा निळा प्रकाश पिवळ्या लेपावर पडून पांढरा होतो. या निळ्या दिव्यासाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रेषा मात्र त्यात सापडत नाही. रस्त्यावरचे दिवे बदलले, तसा अणूच्या सहीचा नमुना चौकाचौकातून उतरवला गेला.

दुसरीकडे, नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जे उभे राहत आहे, त्याचा सारा भार इलेक्ट्रॉनच्या एका विशिष्ट उडीवर असणार आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली तत्त्वतः आणि २०२३ साली २,६०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकांना आरसे, आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारा लेसरचा प्रकाश. आरशांमधील अंतरात प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो त्या प्रकाशाने सांगायचा. अशा यंत्रांत वापरला जाणारा लेसर निओडिमिअमच्या अणूंचा असतो. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारी. वरच्या पायरीवरील इलेक्ट्रॉनजवळून नेमक्या त्याच ऊर्जेचा प्रकाश गेला तर तो इलेक्ट्रॉनला आपल्याबरोबर उतरवतो आणि दोन्ही प्रकाश पावलाला पाऊल मिळवून चालतात, हे आइन्स्टाइनने १९१७ मध्ये सांगितले होते. लेसर म्हणजे याच नियमाची शिस्तबद्ध मिरवणूक. या जातीचा लेसर १९६४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाला. त्याच प्रयोगशाळेत त्याच वर्षी कार्बन डायऑक्साइडचा लेसर करणारे कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे नायगमवालांच्याच जुन्या कॉलेजात, शिकलेले. त्यांच्या लेसरमध्ये प्रकाश इलेक्ट्रॉनच्या उडीतून न येता रेणूच्या कंपनातून येतो, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

औंढ्याला आरसे जुळवणारे, निर्वात नळ्या सांभाळणारे, लेसरची नाडी पाहणारे हात लागतील. ते हात नांदेड-लातूरचे असतील की जेऊर-तळणीच्या तंबूंप्रमाणे बाहेरून येऊन बाहेर जातील, हे आज अकरावीत बसलेली मुले प्रकाशाकडे कसे पाहायला शिकतात यावर ठरेल. त्याकरिता कोटीच्या प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. बहुतेक महाविद्यालयांच्या कपाटांत वर्णपटमापक आहेत. हायड्रोजनची आणि सोडिअमची दिवानळी मागवता येते. लातूरच्या वर्गांनी आठवड्याच्या चाचण्यांतून एक संध्याकाळ सोडली, तर त्यांचा निकाल खाली येईल असे मानायला आधार नाही.

ज्या शाळेत तेवढेही नाही तिथे एक निकामी सीडी पुरे. तिच्यावरील वर्तुळाकार खाचा मिलिमीटरला सुमारे सव्वासहाशे असतात आणि त्या प्रकाश फोडतात. बुटांच्या खोक्याच्या एका टोकाला दोन ब्लेडांच्या पात्यांमध्ये केसाएवढी उभी फट ठेवावी, दुसऱ्या टोकाला सीडीचा तुकडा तिरपा बसवावा आणि वरच्या भोकातून पाहावे. सूर्याकडे हे खोके कधीही रोखू नये, हे मुलांना आधी बजावावे. वर्गातल्या जुन्या ट्यूबलाइटकडे फट केली की फिकट पट्ट्यावर पाऱ्याच्या अणूच्या रेषा उमटतात: एक निळी-जांभळी, ४३५.८ नॅनोमीटरची, आणि एक लख्ख हिरवी, ५४६.१ ची. त्याच खोक्यातून एलईडीकडे पाहिले तर निळा उंचवटा आणि पुढे सलग रंग, रेषा नाही. आणि एखाद्या गल्लीच्या टोकाला सोडिअमचा पथदिवा अजून उरला असेल, तर त्याच्या पिवळ्या पट्ट्याच्या मध्यावर, नेमक्या ५८९ च्या जागी, काळी फट दिसेल. दिव्याच्या नळीत वायू दाट असतो. आतल्या तप्त अणूंनी दिलेला तो प्रकाश कडेच्या थंड अणूंनी वाटेतच गिळलेला असतो, सूर्यावर होते तसाच.